गोबीला विळी लावायची नाही

आमच्या घरात गोबीला विळी लावत नाहीत. चाकूही नाही. थोरली सून नवी होती तेव्हा तिनं एकदा लावली. मी त्या दिवशी जेवायला बसलो नाही. तेव्हापासून सुना काय अन् नातसुना काय, सगळ्या गोबी हातानं मोडतात. एकेक तुरा देठापासून सोडवायचा, मिठाच्या कोमट पाण्यात सोडायचा, मग उजेडात धरून बघायचा. पाठीमागं म्हणतात, म्हाताऱ्याचं खूळ. म्हणू द्या. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, ती बी उर्दूत. मराठी अक्षरं मी लातूरच्या अडतीवरच्या पाट्या वाचून लावली. दुसऱ्यानं शिकवलेलं मला सहसा पटत नाही. पण हे एक मला शिकवलेलं आहे, अन् शिकवणारीचं नाव गंगव्वा. तिच्या मागं तिचं नाव घेणारं कुणी नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

आमचं गाव रेणापूरपासून दोन कोसांवर. गंगव्वाचं शेत अन् आमचं शेत बांधाला बांध लागून. मोगलाई होती तेव्हा, म्हणजे निजामाचं राज्य. गंगव्वा लिंगायताची. माहेर उदगीरच्या पलीकडं, कानडी मुलखाच्या तोंडाशी, त्यामुळं बोलता बोलता एखादा कानडी शब्द पडायचा. मला ती तम्मा म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. मी नुकता लग्न झालेला, बाप गेल्यावर शेत एकट्यानं ओढणारा गडी. मला ते तम्मा ऐकून राग यायचा.

एकदा म्हटलं, "मी काय तुझा तम्मा न्हाई."

"बरं तम्मा," म्हणाली.

उंच होती. हाडकी. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग. नवरा गेलेला, मूलबाळ झालं नाही. विहिरीखाली थोडा मळा होता, त्यात वांगी, मेथी, दोडका, वाल. बोलणं कमी. हसणं त्याहून कमी. जेवण झालं की ताटात थोडं पाणी घ्यायची, बोटानं ताटाची कड धुवायची अन् ते पाणी पिऊन टाकायची. त्यांच्यात तसं असतं. अन्न म्हणजे प्रसाद, त्यातला कण मागं टाकायचा नाही. पुष्कळ जण चार माणसांत असले म्हणजे करतात. ही बाभळीखाली एकटी जेवत असली तरी करायची.

गावाच्या शिवेवर त्यांचा मठ होता. तिथं दुपारी जो येईल त्याला जेवण मिळायचं, कुठल्याही जातीचा असो. त्याला ते दासोह म्हणतात. मी पण जेवलोय तिथं. दर सोमवारी गंगव्वाच्या मळ्यातली भाजीची दुरडी दासोहाला जायची. नवऱ्यानं चालू केलेलं, तो गेल्यावर तिनं चालू ठेवलेलं. आता हे नीट ध्यानात घ्या. विधवा बाई, पदरी लेकरू नाही. हळदीकुंकवाला तिला कोण बोलावणार? बारशाला ती दारापर्यंतच. पण सोमवारी ती दुरडी डोक्यावर घेऊन मठाच्या दारातून आत शिरायची तेव्हा ओट्यावर बसलेली मोठमोठी माणसं पाय आखडून वाट द्यायची. गावात तिला जागा म्हणून जी काय होती ती तेवढीच.

अन् ती जागा गोबीपायी गेली.

लातूरला तहसीलदारसाहेबाच्या बंगल्यावर हुसेनमियाँ म्हणून माळी होता. गंगव्वा बाजाराला गेली की त्याला मेथीचं बी द्यायची. त्यानं एका वर्षी तिला बदल्यात कसलीशी रोपं दिली. म्हणाला, "आपा, विलायती चीज है. ठंडी में आती. नाजुक है, सांभाळना." आमच्या भागात तोवर ती भाजी कुणी लावली नव्हती. साहेब लोकांच्या टेबलावर असते एवढं ऐकून होतो. पानांच्या मधून तो पांढरा गड्डा वर आला तेव्हा बांधावर माणसं बघायला जमली.

मी म्हणालो, "हे तर बकऱ्याचं भेजं हाय की!"

मी खाणारा माणूस, मला भेजं ठाऊक. सगळे हसले. लिंगायताच्या बायकांनी तोंडाला पदर लावला. गंगव्वा गड्ड्याभोवतीची पानं सारखी करत होती. ती एवढंच म्हणाली, "फूल हाय."

माझं ते भेजं गावभर झालं. मी चावडीवर सांगून टाकलं, ही भाजी माझ्या घराचा उंबरठा ओलांडणार नाही. मी एकदा बोललो की बोललो.

पहिलं पीक देवाचं, म्हणून तिनं पहिले गड्डे मठात नेले. अय्यांच्या गादीपुढं अख्खे मांडले. अय्या म्हणजे मठाचे स्वामी. म्हातारे, शांत, आवाज कधी चढला नाही त्यांचा. मग गड्डे मुदपाकात गेले. आचाऱ्याला ही भाजी माहीत नव्हती, म्हणून हिनंच रांधली. अन् इथं तिच्या हातून चूक झाली. देवाला वाहायचं फूल धूत नाहीत. पाण्यात बुडवलं की त्याचा ताजेपणा गेला, ते देवाच्या कामाचं राहत नाही. लहानपणापासून हेच शिकलेली ती. गादीपुढं वाहिलेलं फूल कसं धुवावं, अन् त्याला विळी तरी कशी लावावी? तिनं ते न धुता, हातानं जाडजाड मोडून, शेंगदाण्याच्या कुटात शिजवलं. आत काय असतं ते तिला कुठं माहीत होतं?

मी त्या दिवशी पंगतीत होतो. माझ्यापुढं भाजी आली, मी हातानं नको म्हटलं. पंगतीच्या शेंड्याला अय्या. त्यांनी भाजीचा तुकडा उचलला, भाकरीवर मोडला अन् थांबले. मोडलेल्या तुऱ्यात शिजलेली हिरवी अळी होती.

जीवहत्या. ती बी मठात, ती बी अय्यांच्या ताटात. अय्या हात तसाच ठेवून उठले. अय्या उठले की पंगत उठते. सगळी माणसं भरल्या ताटांवरून उठली. मुदपाकाच्या दारात गंगव्वा हातात डाव घेऊन उभी होती.

मठाचा कारभार वीरभद्रअप्पा बघायचे. तेलघाणीवाले, जाड आवाजाचे. त्यांनी अंगणातूनच सांगितलं, "गंगव्वा, सोमवारची दुरडी बंद. तुझ्या मळ्यातलं पान बी आता मठात नको."

ती रडली नाही. निदान माझ्यादेखत नाही. मुदपाक सारवला, भांडी घासली, मग घरी गेली.

महिन्याभरानं कारभाऱ्यांनी निरोप धाडला. मी बांधावरच होतो. गडी म्हणाला, "अप्पा म्हणतेत, ती भेज्यावानी भाजी उपटून टाक, दुरडी पुन्हा चालू करू."

गंगव्वा निंदत होती. खुरपं थांबलं नाही. "अप्पांना म्हणावं, चूक माझ्या हाताची हाय. रोपाला कशापायी शिक्षा?"

गडी गेल्यावर मी म्हटलं, "उपट की दोन वाफे. काय सोन्याचे हायेत का? अय्यांच्या पायावर डोकं ठेव, माफी माग, मिटव."

"तम्मा," ती म्हणाली, "हातानं चुकलेलं तोंडानं भरून येत न्हाई."

हे ती पुढं कितीदा म्हणाली असेल. मी हट्टी माणूस, गावात माझ्या हट्टाचे दाखले देतात. पण माझा हट्ट दुसऱ्याला नमवायला असतो. तिचा तसा नव्हता. काय वेगळं होतं ते मला सांगता येत नाही, पण वेगळं होतं.

पुढच्या हिवाळ्यात तिनं पुन्हा गोबी लावली. दुरडी खोपीत आढ्याला टांगलेली असायची. सोमवारी ती काढायची, पुसायची, पुन्हा टांगायची. अन् बाकीचा वेळ त्या गोबीला बसलेली. परात घ्यायची, गड्डा मोडायचा, पाण्यात सोडायचा. गार पाण्यात अळी हलत नाही, आणखी आत शिरते. कढत पाण्यात आतल्या आत मरते, म्हणजे पाप तेच. शेवटी तिला जमलं. लेकराच्या आंघोळीला घेतो तेवढं कोमट पाणी, त्यात मीठ अन् चिमूट हळद. मीठ इतकंच की अळी मरू नये, पण तिला तिथं राहवू पण नये. अळ्या आपण होऊन वर येतात. ती एकेक बोटावर घ्यायची अन् बांधाकडच्या गोबीच्या पानावर नेऊन सोडायची. त्यासाठी तिनं तिथं चार रोपं वेगळी राखली होती. त्यांचे गड्डे ती कधी तोडायची नाही.

मी हसायचो. "अळ्यांना बी दासोह का?"

"त्यांची जागा घेतली न्हवं आपण," म्हणायची.

त्याच हिवाळ्यात माझ्या घरचीला दिवस गेले. अन् डोहाळे लागावेत कशाचे? गोबीचे! घरात तर येणार नाही म्हणून मी बोलून बसलेलो. ती मुकाट्यानं बांध ओलांडून गंगव्वाच्या खोपीत जाऊन खायची. गंगव्वाला ती अव्वा म्हणायची, म्हणजे आई. एके दिवशी मोट सोडून मी तिला बोलवायला गेलो. गंगव्वानं लोखंडी तव्यावर करडईचं तेल टाकलं होतं. त्यात तुरे असे परतत होती की कडा तांबूस झाल्या होत्या. वरून भाजलेल्या तिळाचा कूट, काळा मसाला, चिंचेचं पाणी शिंपडल्यावाणी. वास असा आला की मी भूक लागली नाही म्हणायचं विसरलो.

"बस तम्मा. ही काय तुझ्या घरात न्हाई, माझ्या खोपीत हाय."

मी म्हटलं, "मी भाकरी मसाल्याशी खातो. तुकडे बाजूला सारतो."

"सार की."

दोन भाकरी झाल्या. बाजूला सारायला काही उरलं नव्हतं. घरची पदराआड हसत होती. गंगव्वानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, माझ्या ताटात पाणी ओतलं फक्त. मीही ते प्यालो. का प्यालो, माहीत नाही.

तिच्या हातच्या गोबीचे प्रकार मी अजून सांगू शकतो. कोवळ्या तुऱ्यांचा ओल्या वाटाण्याबरोबर रस्सा. देठं लोक फेकतात. ती ती सोलून, बारीक मोडून त्यांचा झुणका करायची, वर लसणाची फोडणी. आतली कोवळी पानं तुरीच्या डाळीत. तुरे उन्हात वाळवून ठेवायची, उन्हाळ्यात शेतात हिरवं पान नसताना ते भिजवून कालवण करायची. पण कांदा-लसूण न घालता एक भाजी ती सारखी करून बघत राहिली. तीळ, गूळ, चिंच, कढीपत्ता. मठात कांदा-लसूण चालत नाही. ती कुणासाठी करत होती ते मला कळत होतं. 

असे काही हिवाळे गेले. तिकडं अय्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोती उतरला. हाताला धरून न्यावं लागायचं.

मग ती येळवस आली. आमच्याकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला गाव रिकामं होतं अन् सगळे शेतात जातात. कडब्याची खोप करायची, दगडाचे पांडव मांडून पूजा करायची, आंबील प्यायची अन् भज्जी खायची. भज्जी म्हणजे शेतात जे जे त्या घडीला हिरवं असेल ते सगळं एकत्र शिजवलेलं. ओला हरभरा, तूर, वाल, गाजर, पालेभाजी, वरून बेसन अन् चिंच. अन् येळवशीचा एक कायदा आहे. वाटेनं जाणारा कुणीही असो, त्याला जेवल्याशिवाय पुढं सोडायचं नाही. ज्याच्या बांधावर तो पहिला आला, त्यानं बोलवायचं.

दुपारी वाटेवर मठाची छकडागाडी दिसली. अय्या कुठल्याशा गावाहून परत येत होते, शेजारी वीरभद्रअप्पा. पहिला बांध गंगव्वाचा होता.

आजूबाजूच्या शेतांतला गलका थांबला. गंगव्वा खोपीतून उठून बांधावर आली. डोक्यावरचा पदर सारखा केला.  गाडी पुढं सरकली. मला वाटलं, गेली आता. मीच हाक मारणार होतो, तेवढ्यात तिचा आवाज आला.

"अय्या, येळवस हाय. जेवून जावा."

अप्पा म्हणाले, "अय्यांचं जेवण पुढं ठरलंय. हाक रे गाडी."

"थांब," अय्या म्हणाले. "कोण बोललं?"

"मी. गंगव्वा."

म्हाताऱ्यानं आवाजाकडं मान वळवली. मग म्हणाला, "येळवशीला वाटेवरचा माणूस उपाशी जात न्हाई. मला खाली उतरवा."

अय्यांना घोंगडीवर बसवलं. माझी घरची लेकरू काखेत घेऊन धावतच गंगव्वाकडं गेली. हळू म्हणाली, पण मी ऐकलं. "अव्वा, आमची भज्जी घ्या. आमच्यात गोबी न्हाई घातली. त्यांना दिसतंय का? कुणाला कळणार हाय?"

गंगव्वानं तिच्या हातातलं पातेलं घेतलं, खाली ठेवलं अन् त्यावर झाकण घातलं. स्वतःच्या भज्जीचं भांडं उचलून अय्यांपुढं आली.

अय्यांनी विचारलं, "भज्जीत काय काय हाय?"

"हरभरा. तूर. वाल. गाजर. आंबट चुका." तिनं श्वास घेतला. "अन् गोबी."

वीरभद्रअप्पा उसळले. "बाई, तुला अक्कल हाय का? पुन्हा तेच? अय्या, उठा."

अय्या हलले नाहीत. "गंगव्वा, गोबी का घातली?"

"शेतात पिकतं ते भज्जीत पडतं, अय्या. ही माझ्या शेतात पिकली. तिला वगळून येळवस केली तर ती खोटी."

"निवडलीस?"

"निवडली."

"मला दिसत न्हाई, बाई."

"मला दिसतं."

अय्यांनी हात पुढं करून ताट चाचपलं. "मग वाढ."

तिनं वाढलं. मी तिच्या हाताकडं बघत होतो. तिनं भांडं खाली ठेवलं, डाव त्यात सोडला. अय्या हळूहळू जेवले. पहिला घास, दुसरा. आमच्यातलं कुणी जेवत नव्हतं. गंगव्वा उभी. त्या ताटात चुकून एखादी अळी निघाली असती तर दुरडी काय, तिला त्या गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. अन् हे तिनं आपण होऊन ओढवून घेतलेलं. झाकलेलं पातेलं शेजारीच होतं.

अय्यांनी ताट बोटानं पुसलं. पाणी मागितलं. ताटात पाणी घेतलं, कडेकडेनं धुतलं अन् दोन्ही हातांनी ताट उचलून पिऊन टाकलं. मग म्हणाले, "त्या दिवशी भरलं ताट टाकून उठलो होतो मी. जन्मात एकदाच. ते आज धुतलं गेलं."

गंगव्वा तिथंच मातीत बसली.

अय्या जेवले म्हटल्यावर वीरभद्रअप्पांनाही बसावं लागलं. त्यांनी मात्र भज्जी बोटानं उसवून उसवून बघितली. काही मिळालं नाही. दुसऱ्यांदा वाढून घेतली तेव्हा उसवली नाही.

पुढच्या सोमवारी ती दुरडी घेऊन निघाली. वर पानांत गुंडाळलेल्या गोबी, खाली वांगी. मी मुद्दाम मठापर्यंत मागं गेलो. ओट्यावरच्या माणसांनी पाय आखडले. ती कुणाकडं न बघता आत गेली.

मोगलाई गेली. त्याआधीच्या साली गावं उठली, माणसं पांगली, ते सगळं दुसऱ्यांनी लिहिलेलं आहे. अय्या गेले. मी जागा घेऊन लातूरला आलो, अडतीवर हमालांचा मुकादम झालो. गोबी बाजारात ढिगानं यायला लागली. माझं भेजं म्हणणं लोक विसरले.

एका हिवाळ्यात गावाकडं गेलो होतो, तेव्हा मठात डोकावलो. मुदपाकाच्या ओसरीत गंगव्वा परात पुढं घेऊन बसली होती. वाकलेली. केस पांढरे. मी समोर उभा राहिलो तरी तिला ओळख पटेना. तिच्याही डोळ्यांत मोती उतरला होता.

"तम्मा हाय," मी म्हणालो. मीच म्हणालो.

"बस. तुझे डोळे चांगले हायेत न्हवं? हे बघ, काय हाय का ह्यात."

मी एकेक तुरा उजेडात धरला. फिरवून फिरवून बघितला. मी कामात ढिला माणूस नाही. "काही न्हाई अव्वा. साफ हाय."

तिनं माझ्या हातातून तुरा घेतला. डोळे मिटले. करंगळीचं टोक एकेका देठाच्या बेचक्यातून हळूच फिरवलं, आई लेकराच्या कानामागचा मळ बघते तसं. एका ठिकाणी बोट थांबलं. बाहेर आलं तेव्हा त्यावर तांदळाच्या कणीएवढी अळी होती. जिवंत.

 तिनं माझा हात ओढला, बोट सरळ केलं अन् अळी माझ्या बोटावर ठेवली.

"मागल्या रोपाच्या पानावर सोडून ये जा. पडू देऊ नको."

मी चाळीस हमालांना हुकूम करणारा माणूस. पांढरा फेटा, पायात नवे जोडे. बोटावर ती अळी घेऊन मठाच्या अंगणातून निघालो. ओट्यावर माणसं बसली होती, ती बघत होती. मी बोटावरून नजर काढली नाही. मठामागं तिनं गोबीची चार रोपं राखलेली होती, न तोडायची. एका पानावर बोट टेकवलं अन् अळी पानावर उतरेपर्यंत उभा राहिलो. तिला घाई नव्हती.

परत आलो तेव्हा गंगव्वानं दुसरा गड्डा घेतला होता. मान वर केली नाही. मिटल्या डोळ्यांनी बोट फिरवत होती.